आपोआप येणारे नंबर

मला घाबरायला फार मोठं कारण लागत नाही. पोस्टमननं सही मागितली, कुणी फोनवर "जरा बोलायचंय" म्हटलं, की आपलं काय चुकलं ते मी आठवायला लागते. सोळा वर्षं मी गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, ती बहुधा यामुळेच. पुस्तकं अचानक काही विचारत नाहीत. तेव्हा दोन हजार सातच्या जानेवारीत आमच्या गावाजवळच्या चिटगुप्प्याच्या एका संगणकानं मला घाबरवण्यासाठी नऊ दिवस जी मेहनत घेतली, तिची काही गरज नव्हती. माझं काम पहिल्याच दिवशी झालं होतं.

करायचं होतं ते एवढंच, की वहीतली एक यादी टाइप करून तालुका कचेरीत द्यायची.

आमची हट्टी, म्हणजे मेंढपाळांची वाडी, चिटगुप्प्यापासून सात किलोमीटरवर. मेंढरांमागं फिरणारी माणसं कधीतरी तिथं थांबली आणि मग तिथलीच झाली. आता कुणाची शेती, कुणाची मजुरी, आणि तरणी माणसं निम्मी पुण्याला, निम्मी हैदराबादला. हट्टीला लागून जाणारा रस्ता रुंद होणार होता. कचेरीनं कळवलं होतं, की जुन्या रहिवाशांची यादी, प्रत्येक घराच्या कागदांसकट, एकोणीस जानेवारीपर्यंत यावी. यादीत नाव आलं तर घर राहणार. नाही आलं तर ते अतिक्रमण.

अप्पा, म्हणजे माझे वडील, हट्टीच्या शाळेचे निवृत्त मास्तर. त्यांनी दारोदार हिंडून ही यादी केली. एका घराचं एक खाकी पाकीट, त्यात रेशन कार्डाची नक्कल, फोटो आणि प्रतिज्ञापत्र. पाकिटावर लाल पेन्सिलीनं नंबर, वहीत तोच नंबर. शेवटच्या पाकिटावर नंबर घातला, आणि पाचव्या दिवशी अप्पा गेले. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही.

तेराव्याच्या पंगतीनंतर बायका हात धुवायला बराच वेळ लावत होत्या. शेवटी गुरुबाई पदराला हात पुसत माझ्याकडं आली. गुरुबाईचा नवरा पंधरा वर्षांपूर्वी वारला, आणि तेव्हापासून ती आपल्या दिराशी, धोंडप्पाशी, बोलत नाही. तिला जे सांगायचं ते ती धोंडप्पाच्या म्हशीला सांगते.

"तुळजा, मास्तरांचं ते यादीचं काम अर्धंच ऱ्हायलं की," ती म्हणाली. "आता कोण करायलंय?"

मी करते, असं मी म्हटल्याचं मला आठवत नाही. पण तिथल्या सगळ्यांना आठवतं.

*

चिटगुप्प्यात जगदेवप्पांची संगणक संस्था होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती टंकलेखन संस्था होती. पाटीवर फक्त पहिला शब्द बदलला होता. जगदेवप्पा पन्नाशीचे. वीस वर्षं टाइपरायटरवर बोटं आपटलेला माणूस, त्यामुळे संगणकाची कळ दाबली की टेबलावरचा पाण्याचा तांब्या हलायचा. संगणकाला हळद-कुंकू लावलेलं, वर विणलेला रुमाल, आणि खोलीत चपला चालत नव्हत्या. संगणकाची मला जेवढी भीती वाटत होती, त्याहून त्यांना जास्त वाटत होती, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. पहिल्या दिवशी लक्षात आलं असतं तर मी दुसऱ्या संगणकासाठी थेट बसवकल्याण गाठलं असतं.

"अक्का, तुम्ही वाचा, मी मारतो," ते म्हणाले. यादी कचेरीसाठी कन्नडमध्ये लागणार होती, आणि कन्नड टायपिंगात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. मी वहीतलं नाव वाचायचं, त्यांनी ते मारायचं. पहिली ओळ संपवून त्यांनी एंटर दाबलं, आणि खालच्या ओळीवर दोनचा आकडा आपण होऊन उभा राहिला.

"हे बघा," जगदेवप्पा हात मागं घेत म्हणाले. "मी न्हाई मारलं. हे आपोआप येतंय. सोय हाय ती."

मलाही ते आवडलं, हे कबूल करायला हवं. एका नावाखाली दुसरं, प्रत्येकापुढं नंबर तयार. शाळा भरताना पोरं रांगेत उभी राहावीत तसं.

घोटाळा पहिल्या ओळीतच होता, आणि तो आमच्या हट्टीचा होता, संगणकाचा नव्हे. आमच्याकडं कुठलीही यादी असो, लग्नाच्या आमंत्रणाची, मेंढरांच्या मालकांची, नाही तर भंडाऱ्याला कोण किती ज्वारी देणार याची, पहिला नंबर बिरप्पा देवाचा. माणूस दोनपासून. अप्पा इतिहास-भूगोल शिकवायचे, नवससायास मानत नव्हते, पण त्यांनीही एक नंबरला श्री बिरप्पा लिहिलं होतं. घरं दोनपासून पासष्टपर्यंत. एकूण चौसष्ट घरं, चौसष्ट पाकिटं. देवाचं पाकीट नव्हतं.

जगदेवप्पा लिंगायत, त्यांना ही पद्धत ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी वर देवाचं नाव पाहिलं, अर्जाच्या माथ्यावर असतं तसं ते मधोमध घेतलं, ठळक केलं, आणि त्याचा नंबर काढून टाकला. खालची चौसष्ट घरं एका क्षणात एकेक पायरी वर चढली. आम्हा दोघांनाही ते कळलं नाही. छापलेला कागद घेऊन मी घरी आले, आईसमोर अंथरला, आणि जमिनीवर पाकिटं मांडायला लागले. यादीत एकोणीस नंबर रुद्रम्माचा होता. एकोणीस नंबरच्या पाकिटातून मात्र गुरुबाई फोटोतून माझ्याकडं बघत होती.

मी अठरा पाहिलं, वीस पाहिलं. सगळी पाकिटं एकेका घरानं चुकलेली. हा कागद असाच कचेरीत गेला असता तर चौसष्ट घरांतल्या प्रत्येकानं शेजारच्याचं रेशन कार्ड जोडलं होतं, असं दिसलं असतं.

"पाकिटावरचे नंबर खोड की," आई म्हणाली. तिचं नाव पद्माबाई. अप्पा गेल्यापासून ती थोडंच बोलते, आणि बोलते ते कामाचं बोलते. मी लाल पेन्सिलीच्या आकड्याकडं पाहिलं. आईनंही पाहिलं.

"नको, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

*

सोमवारी संक्रांतीची सुट्टी. मंगळवारी मी पुन्हा गेले, आणि माझ्यामागोमाग गुरुबाई. तिला बाजारात काम होतं, असं ती म्हणाली. काम काय ते तिनं सांगितलं नाही. येऊन ती सरळ संगणकासमोर बसली. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकडे येतात.

जगदेवप्पांनी देवाला पुन्हा एक नंबर दिला. सगळी यादी निमूटपणे एकेक पायरी उतरली. गुरुबाई एकोणीसवर आली. इतक्यात जगदेवप्पांचं कोपर कुठल्याशा कळीला लागलं, आणि गुरुबाईची ओळ दोन बोटं आत सरकून अठरा नंबरच्या खाली जाऊन बसली. तिच्या एकोणीसच्या जागी इंग्रजी a आला. खालची रुद्रम्मा लगेच एकोणीस झाली.

अठरा नंबर धोंडप्पाचा.

"माझी वळ आत कामून सरकली?" गुरुबाईनं विचारलं.

"काय न्हाई, टेक्निकल हाय," जगदेवप्पा म्हणाले.

"वर कोण हाय?"

जगदेवप्पा टेबल पुसायला लागले. गुरुबाईला ते पुरलं.

"धोंड्याच्या पोटात घातलासा का मला? पंधरा वर्षं येगळी चूल मांडून बसलेय मी. दोन पंचायती झाल्या. तवा कुणाला जमलं न्हाई, ते ह्या डब्यानं एका झटक्यात केलं?"

"अक्का, डबा म्हणू नका त्याला," जगदेवप्पा हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांनी पडद्यावरचा रुमाल सारखा केला.

बाहेर आवाज गेल्यामुळे शेजारचे खतविक्रेते सिद्धप्पा आले. संस्थेत काही अडलं की सल्ला द्यायचं काम त्यांच्याकडं होतं. ते चपला काढून, हात मागं बांधून, आजाऱ्याला बघायला आल्यासारखे संगणकापुढं उभे राहिले.

"बंद करून चालू करा. टीव्हीला मी तेच करतो."

तसं केलं. चालू व्हायला अकरा मिनिटं लागली. गुरुबाई a च होती.

"तोंड दक्षिणेला हाय ह्याचं," सिद्धप्पांनी नीट पाहून सांगितलं. "पूर्वेला करा."

मी शिकलेली बाई आहे. मी नको म्हणायला हवं होतं. पण तीन दिवसांवर मुदत आलेली, समोर गुरुबाई. मी टेबलाचं एक टोक धरलं. तोंड पूर्वेला होता होता मागची वायर निसटली आणि पडदा काळा झाला. परत लावल्यावर गुरुबाईची ओळ जगदेवप्पांनी एकेक कळ चाचपत बाहेर काढली. एकोणीसचा आकडा काही परत येईना, म्हणून त्यांनी एक बटण दाबलं, आणि दुसऱ्या पानावरची सगळी नावं पुन्हा एकपासून सुरू झाली. आता आमच्या यादीत दोन सात होते, दोन बारा होते, आणि दुसऱ्या पानावर पहिला नंबर, जो हट्टीत आजवर कुणा माणसाला मिळाला नव्हता, तो पिराजी नावाच्या गृहस्थाला मिळाला होता. पिराजीला हे कळू नये, अशी मी मनोमन इच्छा केली. त्याचा स्वभाव मुळातच मिरवायचा आहे.

बुधवारी संध्याकाळी यादी जुळली. कशी, ते जगदेवप्पांनाही सांगता आलं नसतं. कुणी टेबलाला हात लावायचा नाही, या अटीवर त्यांनी ती छापली.

*

गुरुवारी मी तालुका कचेरीत गेले. खिडकीमागचा कारकून चष्मा कपाळावर चढवून पहिली ओळ वाचत राहिला.

"बिरप्पा. बापाचं नाव?"

"ते दैवत आहे, साहेब."

"रेशन कार्ड?"

मी पिशवीत बघितलं, जणू तिथं ते असणारच होतं.

"काढा," तो म्हणाला. मग बोट खाली नेत नेत एकतीस नंबरवर थांबला. "हे मास्तर. हे वारले म्हणं?"

मी मान हलवली.

"मग मयताचं नाव यादीत कसं चालंल, मॅडम? वारसाचं घाला. वारसा प्रमाणपत्र आणा."

"ते किती दिवसांत मिळतं?"

"दीड महिना."

"मुदत उद्याची आहे."

"व्हय की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हे जास्त भीतिदायक होतं. "मयताचं नाव ठिवलं तर आख्खी यादी माघारी येती. मग मला बोलू नका."

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापलेली भाकरी तव्यावर टाकून तिनं पाणी फिरवलं.

"त्यांचं नाव काढ," ती म्हणाली. "त्रेसष्ट घरं बसतेत ना? आपलं मागनं बघू."

"मागनं म्हणजे, आई? रस्ता आला तर?"

"तर तुझ्याकडं येते गुलबर्ग्याला. तुझ्या पुस्तकात बसते." तिनं भाकरी उलटली. "काढ तू."

*

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता जगदेवप्पांनी एकतीस नंबरच्या ओळीवर निशाण नेलं आणि माझ्याकडं बघितलं. ते अप्पांचे जुने ओळखीचे.

"अक्का, मारू?"

"मारा."

ओळ गेली. आणि ती जाते ना जाते तोच खालचा बत्तीस एकतीस झाला, तेहेतीस बत्तीस झाला, आणि खालपर्यंत सगळी घरं वर सरकून बसली. पाव सेकंद लागला असेल. जागा उरली नव्हती. इथं कुणी होतं, असं त्या पानावरून कुणाला सांगता आलं नसतं.

ग्रंथालयात पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला नंबर मिळतो. पुस्तक हरवलं, वाळवीनं खाल्लं, कुणी नेलं ते आणलं नाही, तरी तो नंबर दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. शेरा लिहितात आणि ओळ ठेवतात. सोळा वर्षं मी हे एक नीरस कामकाज म्हणून करत आले होते. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं, की ज्यानं कुणी हा नियम केला, त्याच्या घरात काहीतरी घडून गेलं असणार.

"परत आणा," मी म्हणाले.

"मास्तरांचं नाव?"

"नाव नको. ओळ."

जगदेवप्पांनी रिकामी ओळ घातली. संगणकानं तिला नंबर दिला नाही. खालच्या घरालाच एकतीस म्हटलं. त्यांनी हातानं एकतीस लिहिलं. संगणकानं ती यादीची नवी सुरुवात मानली आणि पुढं काय करायचं ते आपल्या मनानं केलं. सगळे आपोआप नंबर काढून टाकून ते एकेक हातानं मारायला लागले, तर दुसऱ्या ओळीपासून ते पुन्हा आपोआप यायला लागले. साडेदहा वाजले. देवाची ओळही कारकुनाच्या सांगण्यावरून काढली होती, त्यामुळे पाकिटांवरचे लाल नंबर पासष्टपर्यंत, पडद्यावरचे त्रेसष्टपर्यंत. दोन वाजता वीज जायची ती चार वाजता यायची, आणि कचेरीची खिडकी पाचला बंद. चौसष्ट घरांत मी मोठी झाले. त्यांतल्या कुणाच्याही अंगणात उभं राहून मी काय सांगणार होते? संगणकानं ऐकलं नाही म्हणून?

सिद्धप्पा दारात येऊन उभे होते. आज त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. बहुधा तेही घाबरले होते.

जगदेवप्पा खुर्चीत मागं रेलले. मग हळूच, संगणकाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं मला म्हणाले, "अक्का, ह्याची नजर वळीच्या सुरुवातीला असती. तिथं आकडा दिसला की हे झडप घालतंय. आपण नाव आधी मारू. आकडा शेवटाला, उजवीकडं. ह्याला कळतच न्हाई."

त्यांनी एक नाव मारलं, मग मोकळी जागा, मग उजव्या टोकाला 2. एंटर दाबलं. खालची ओळ रिकामी आली. काही झालं नाही.

मी वाचत गेले, ते मारत गेले. तांब्या हलत राहिला. तीस झाल्यावर त्यांनी न विचारता नाव सोडलं, नुसती मोकळी जागा मारली, आणि उजव्या टोकाला 31 लिहिलं. मग बत्तीसचं नाव. दोनला पाच कमी असताना शेवटचं पान छापून बाहेर पडलं, आणि दोनला वीज गेली.

*

खिडकीपाशी गुरुबाई आधीच येऊन उभी होती. तिला आजही बाजारात काम होतं.

"आकडे उजवीकडं?" कारकून म्हणाला.

मी तयार करून नेलेलं उत्तर विसरले. पण त्यानं कागद लांब धरून पाहिला, आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. "निजामाच्या वक्ताचे कागद असेच असतेत. उर्दू. उजवीकडनं वाचायचं. आमच्या रेकॉर्डला लई हायत." आणि तो खरोखरच उजवीकडून सुरू झाला. आकडा, पाकीट, नाव. आकडा, पाकीट, नाव. एकोणीसला गुरुबाईनं खिडकीतून डोकं आत घातलं, फोटो आपलाच आहे हे पाहिलं आणि बाहेर काढलं.

"एक नंबर कुठाय?" कारकुनाला आता आठवलं.

"आमच्याकडं माणसाला देत न्हाईत," गुरुबाई म्हणाली.

त्यानं बोट पुढं नेलं. एकतीसवर तो थांबला.

"नाव न्हाई. पाकीट न्हाई."

"घर आहे," मी म्हणाले. "कागद व्हायचेत."

"रिकामी वळ ठिवता येत न्हाई, मॅडम. कुणीबी नाव भरंल." त्यानं पेन उघडलं. निब कागदापासून अर्ध्या बोटावर होतं.

"साहेब," मी म्हणाले, "रिकामी ओळ खोडायचा नियम आहे का?"

त्यानं शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना विचारलं. त्यांनी आणखी एकाला विचारलं. मयताचं नाव काढायचा नियम होता. चुकीचं नाव खोडून सही करायचा होता. नसलेलं नाव खोडायचा नव्हता. पाचला तीन कमी होते. त्यानं पेनला टोपण लावलं आणि शिक्का मारला.

*

मोजणीदार एप्रिलमध्ये आला. मी तीन दिवसांची रजा काढून गेले होते. वारसा प्रमाणपत्र तोवर हाती आलं होतं, पण यादी कधीच वर गेली होती आणि त्यात नव्यानं नाव घालता येत नाही, असं कचेरीनं मला दोनदा सांगितलं होतं. मोजणीदाराच्या हातात आमचीच यादी होती. एकेका दारासमोर उभा राहून तो नंबर म्हणायचा, नाव विचारायचा, खूण करायचा. नंबर चुकला तर पुढची सगळी रांग चुकणार, म्हणून तो घरं आणि आकडे दोन्ही मोजत येत होता. मी उंबऱ्याच्या आत उभी राहून त्याचा आवाज जवळ येताना ऐकत होते.

आमच्या दारासमोर तो थांबला. कागद पाहिला. घर पाहिलं. परत कागद पाहिला.

"एकतीस," तो म्हणाला. "इथं कुणी न्हाई लिहिलेलं. पण घर तर हाय."

"हाय की," आई म्हणाली.

"नाव सांगा."

आईनं नाव सांगितलं. मी प्रमाणपत्र पुढं केलं. त्यानं ते वाचलं, नंबर टिपून घेतला, आणि कागद भिंतीला टेकवून त्या मोकळ्या जागेत पेनानं आईचं नाव लिहिलं. जागा बरोबर पुरली.

"पाणी घ्या," आई म्हणाली. त्यानं उभ्या उभ्याच अर्धा तांब्या प्यायला, तोंड पुसलं, आणि शेजारच्या दाराकडं वळून म्हणाला, "बत्तीस."